इंदक्काचं अक्षर

वैशाख लागला की जुन्या हुबळीतल्या आमच्या गच्चीवर दोन वाळवणं पडतात. एक बायकोचं: साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, ताकातल्या मिरच्या. दुसरं माझं: कागद. बायकोच्या वाळवणाचं शेजारणी कौतुक करतात. माझ्या वाळवणाकडे बघून समोरचा शिंपी दर वर्षी एकच प्रश्न विचारतो, "काय मालक, दुकानात पाणी शिरलं काय?" मी वह्या-कागदांचा दुकानदार असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही. एकदा मी त्याला सांगून बघितलं की हा माल नाही, एका मोठ्या लेखकाच्या पुस्तकांच्या प्रती आहेत, विकायच्या नाहीत. तो म्हणाला, "विकायचं नाही तर उन्हात कशाला घालता?"  ह्याचं उत्तर इंदक्काला सुचलं असतं.

ते कागद इंदक्काचे. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण, म्हणजे नात्याने माझी आत्या. पण धारवाडच्या सप्तापुरातली अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायला लागलो. तिचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते मराठीत कथा-कादंबऱ्या लिहायचे. पुण्याकडे त्यांचं नाव होतं. धारवाडात लोक त्यांना ओळखायचे ते भर उन्हात छत्री बंद ठेवून काखेत मारून चालणारे निवृत्त मास्तर म्हणून. अण्णांची बायको लवकर गेली. इंदक्काने लग्न केलं नव्हतं. मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि भावाचं घर बघायची. अण्णांचा मुलगा श्रीपाद तिच्याच हाताखाली वाढला.

इंदक्का ठेंगणी, जरा पुढे वाकलेली. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा, आणि त्या घट्ट्यात मुरलेली निळी शाई. ती शाई कधीच गेली नाही. तिच्या हातची भाकरी खाताना लहानपणी मला वाटायचं, भाकरीत थोडी निळाई असणार. तिच्या तोंडी दिवसातून शंभर वेळा एक कानडी शब्द यायचा, "इरली." म्हणजे असू दे. दूध उतू गेलं, इरली. पगार उशिरा झाला, इरली. श्रीपाद गणितात नापास झाला तेव्हाही ती "इरली" म्हणाली होती, फक्त त्या वेळी तिच्या हातात पट्टी होती.

मात्र एका बाबतीत तिच्याकडे "इरली" नव्हतं. ते म्हणजे अण्णांचं लिखाण उतरून काढणं.

अण्णांचं अक्षर हा एक वेगळाच प्रकार होता. वाळूवरून खेकडा पळत गेल्यासारखी ओळ. मध्येच खेकडा वळून परत आलेला. बँक त्यांचे चेक परत पाठवायची, कारण सही सहीशी जुळायची नाही. रात्री लिहिलेलं सकाळी त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. मग ते ओसरीवरून हाक मारायचे, "इंदू, हे मी काय लिहिलंय गं?" ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, कागद जरा लांब धरायची, आणि धाडधाड वाचून दाखवायची. अण्णा ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं लिहिलंय की." जणू दुसऱ्याचं ऐकतायत.

जगात ते अक्षर वाचता येणारी ती एकटीच. त्यामुळे अण्णांचं एकूण एक पुस्तक तिने काढलेल्या सुवाच्य प्रतीवरून छापलं गेलं. तिचं अक्षर कसं होतं म्हणून सांगू? मी आयुष्यभर कागद विकले, पण कागद विकून आपण काहीतरी केलं असं मला फक्त तिचा लिहिलेला ताव बघून वाटलं. उभी दांडी उभी. वेलांटी जिथल्या तिथे. शाळेतून आली की ती हातपाय धुवायची, पाट उलटा करून मांडीवर घ्यायची, त्यावर माझ्या दुकानातला रेघी ताव ठेवायची आणि लिहायला बसायची. तेव्हा कुणी आलं तर मान वर न करता सांगायची, "उतरतेय. बोलू नको."

"कादंबरी कशावर आहे गं?" मी एकदा विचारलं.

"ते अण्णाला विचार. मला फक्त काना-मात्रा विचार."

"वाचतेस की तू."

"वाचत नाही. उतरते. तू कागद विकतोस, म्हणून वाचतोस काय?"

 आमच्या घराण्यात गप्प बसण्याचं काम बहुधा माझ्याकडेच असतं.

तिचं हे म्हणणं खरं मानायला माझ्याकडे पुरावाही आहे. एका कथेत अण्णांनी एक कंजूष आत्या रंगवली होती. पाहुण्याच्या चहात साखर घालताना चमच्याचा शेंडा बोटाने सपाट करणारी. कथा छापून आल्यावर सगळ्या नातेवाइकांनी ओळखली. माझी आई तर चिडलीच. "इंदू, हे तुझ्याच हाताने लिहिलंस? गाळलं का नाहीस?" इंदक्काने चष्मा पुसला. "गाळायचं कशाला, तशी आहेच की मी." त्यानंतर अण्णांच्या चहात साखर आणखी कमी झाली, असा अण्णांचा आरोप होता. तो सिद्ध झाला नाही.

हे गाळायचं नाही, घालायचं नाही, हे तिच्या अंगात वडिलांकडून आलेलं. माझे ते चुलत आजोबा कोर्टात नकलनवीस होते, म्हणजे अस्सल कागदावरून नक्कल करणारे. त्यांच्या घराचे काही नियम होते. नक्कल करताना बोलायचं नाही. नक्कल झाली की दोघांनी बसून ताडून बघायची, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. खाली नक्कल करणाऱ्याची सही पाहिजे. सही नसली तर ती नक्कल नव्हे, लबाडी. आणि घरच्या लिखाणापुरता शेवटचा नियम: पक्की प्रत झाली की कच्चा कागद घरात ठेवायचा नाही. "दोन प्रती फिरल्या की भांडणं होतात," असं ते म्हणायचे म्हणे. त्यांनी आयुष्यभर भावाभावांचे खटले उतरून काढले होते, त्यांना ठाऊक असणार.

सप्तापुरातल्या त्या भाड्याच्या घरात न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. आता तुम्हाला अंदाज आला असेल.

रोज सकाळी इंदक्का आदल्या दिवशी उतरलेले आणि ताडून पाहिलेले अण्णांचे कच्चे कागद घेऊन बंबापाशी बसायची, एकेक चुरगाळून आत घालायची, वर फाटी, आणि काडी. अण्णांच्या हातची एक ओळही तिने उतरल्याशिवाय जाळली नाही आणि उतरल्यावर ठेवली नाही. अण्णांना ह्याचं काही वाटायचं नाही. उलट पंचा नेसून बाहेर यायचे आणि सांगायचे, "आज तिसऱ्या प्रकरणाचं पाणी. जरा कोमटच आहे. दुरुस्त करायला पाहिजे ते प्रकरण." श्रीपादने पुढे सोलर बसवायचा विषय काढला तेव्हा अण्णांनी उडवून लावला. सोलरच्या पाण्याला धुराचा वास नसतो, म्हणे.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. मी किती वेळा त्या पाण्याने आंघोळ केली असेन. मराठी साहित्याने माझं अंग शेकलंय, डोकं मात्र कोरडंच राहिलं.

प्रेसमध्ये गेलेल्या सुवाच्य प्रती छपाईनंतर परत यायच्या, कोपऱ्यांवर कंपोझिटरच्या अंगठ्याचे काळे ठसे घेऊन. त्या मात्र इंदक्का एका ट्रंकेत जपायची. धारवाडचा पावसाळा कागदाला वाईट, म्हणून वैशाखात त्यांना ऊन. मधून कडुनिंबाचा पाला, कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे. कागद उडू नयेत म्हणून वर सुके नारळ, वरवंटा, शाळेतून आणलेल्या फुटक्या पाट्या. आणि शेजारी काठी घेऊन ती स्वतः, कारण सप्तापुरात माकडं फार. एकदा एक माकड एक पान घेऊन पेरूवर जाऊन बसलं. इंदक्का खालून त्याला समजावत होती, "कोडप्पा, कोडु." दे बाबा, दे. मी म्हटलं, "कानडीत काय बोलतेस त्याच्याशी?" म्हणाली, "धारवाडचं माकड आहे. मराठी कुठून येणार त्याला?" अण्णा ओसरीवरून म्हणाले, "राहू दे गं. माझं पान हातचं सोडायला तयार नाही असा पहिलाच वाचक."

ती उतरायची, मग घरचं काम कोण करणार? थोडंफार अण्णांनी अंगावर घेतलं. धने निवडणं, दिवे पुसणं, आणि डब्यांना चिठ्ठ्या लावणं. महिन्याचा बाजार आला की अण्णा पाठकोऱ्या कागदाचे चौकोन कापून, दौत घेऊन बसायचे, आणि प्रत्येक डब्यासाठी एकेक चिठ्ठी लिहून खळीने चिकटवायचे. लिहिण्याचं काम बहिणीने घेतलंय, तर आपण तिचं थोडं करावं, असा हिशोब असावा. अर्थात त्या चिठ्ठ्या इंदक्काशिवाय कुणालाच लागायच्या नाहीत. एकदा तिला ताप होता म्हणून चहा मी केला, आणि डब्यावर वाचून साखर घातली. ती तुरटीची पूड निघाली, पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला ठेवलेली. अण्णांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माधवा, तू माझा खरा समीक्षक." इंदक्का अंथरुणातून हसत होती. तिला एवढं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

नाही, एकदा पाहिलं. अण्णांचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला तेव्हा. निमंत्रणपत्रिकेवर "लेखकाचे हस्ताक्षर" म्हणून एक पान छापलं होतं. अर्थातच इंदक्काचं. बाहेरगावहून आलेले वक्ते त्या अक्षरावर बराच वेळ बोलले. ह्या ताठ दांडीतून लेखकाचा पुरुषी कणखरपणा दिसतो, वगैरे. इंदक्का तिसऱ्या रांगेत बसून पेढा खात होती. तिने पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईंना वाटलं, भावाच्या कौतुकाने भरून आलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. व्यासपीठावर अण्णा डोळे मिटून बसले होते, उघडले असते तर तेही हसत सुटले असते.

घरी परत येताना मी म्हटलं, "सांगायचं नाहीस?"

"कशाला? अस्सल समोर बसलंय की खुर्चीत. ज्याला बघायचंय त्याने त्याला बघावं."

अण्णा गेले ते एका श्रावणात, दुपारी खुर्चीतच. टेबलावर शेवटच्या कथेचे कागद होते, पूर्ण झालेले, उतरायचे राहिलेले. सुतकात कुणी काम करत नाही. इंदक्का पाट मांडीवर घेऊन बसली. येणारे-जाणारे बघत होते, कुजबुजत होते. तिने मान वर केली नाही. मी समाचाराला गेलो तेव्हा मलाही म्हणाली, "उतरतेय. बोलू नको."

पुढची काही वर्षं ती त्या घरात एकटी राहिली. श्रीपाद तारिहाळच्या एका कारखान्यात, हुबळीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मुलगा चांगला, दर रविवारी यायचा. पण त्याचं शिक्षण कानडी आणि इंग्रजीतून; बापाचं पुस्तक तो चित्रासारखं बघायचा. मग घरमालकाच्या मुलाने ठरवलं की ते जुनं घर पाडून क्लासच्या पोरांसाठी खोल्या बांधायच्या. त्याचं चुकलं असंही नाही; सप्तापुरात आता सगळीकडे खोल्याच आहेत. इंदक्काला पावसाळ्याआधी श्रीपादकडे जायचं होतं. आणि तिच्यापुढे एकच प्रश्न होता: ट्रंक.

"दोन खोल्या आहेत अक्का," श्रीपाद म्हणाला. "तू ये. ट्रंक कुठं ठेवू ते सांग. माझ्या मागं ते कोण वाचणार आहे, तेही सांग."

 श्रीपाद गेल्यावर ती मला म्हणाली, "माधवा, अण्णाला कुठेतरी ठेवलं पाहिजे." ट्रंक म्हणाली नाही.

मी पुण्याच्या एका संस्थेला कळवलं. मोठ्या लेखकांची हस्तलिखितं, कागदपत्रं जपून ठेवणारी संस्था. मला वाटलं, उत्तर येणार नाही. आलं. एक बाईच आल्या, तिशीच्या, देवयानी नावाच्या, हसऱ्या. सत्काराची ती जुनी निमंत्रणपत्रिका त्यांनी पाहिली होती, ती बरोबरही आणली होती. "सरांचं हे मोत्यासारखं अक्षर प्रत्यक्ष बघायला मिळणार," असं म्हणून त्यांनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले.

इंदक्काने काळजीने विचारलं, "हात भाजलाय काय बाई?"

ट्रंक उघडली. कडुनिंबाचा, वेखंडाचा वास आला. देवयानीबाई एकेक गठ्ठा सोडत होत्या आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. एक कागद खाल्लेला नाही, एक कोपरा दुमडलेला नाही. "आजी, असा संग्रह आम्हाला कधीच मिळत नाही. वाळवी, उंदीर, पाणी, काहीतरी झालेलंच असतं. ह्याला स्वतंत्र कपाट देऊ. सरांची सगळी हस्तलिखितं एका जागी."

झालं, मी मनात म्हटलं. अण्णा सुटले, इंदक्का सुटली, मीही सुटलो. तेवढ्यात इंदक्का चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर शाळेतला फळा पुसतानाचा भाव होता. मला तो ओळखीचा. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"पाय काढ," ती म्हणाली. मग बाईंकडे वळून, "बाई, हे अण्णाचं अक्षर नव्हे. माझं आहे."

देवयानीबाई हसल्या. त्यांना विनोद वाटला. मग हसायच्या थांबल्या.

"सगळं?"

"सगळं."

"मग मूळ कागद? सरांच्या हातचे?"

"बंबात."

त्यांना बंब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज आवडेना. त्यांनी हातातला गठ्ठा पुन्हा बांधला. मग हळूच विचारलं, "शेवटची कथा तरी? ती तर सर गेल्यावर तुम्ही..."

"ती तेराव्याच्या सकाळी," इंदक्का म्हणाली. "उतरून झाली होती. माधवाला बसवून ताडून बघितली. घरात पाहुणे होते, पाणी तापवायचं होतं. मी नेहमीसारखे कागद घातले आणि काडी लावली. पेटल्यावर कळलं की आता उद्या घालायला काही नाही."

गल्लीतून भाजीवाली ओरडत गेली. 

"आजी," बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर कुणालाच कळलं नसतं."

"होय की. म्हणून तर बोलले. अण्णा होता तोवर सही लागत नव्हती, अस्सल घरात होतं. आता अस्सल नाही. आता ज्याने उतरलं त्याने सांगायला पाहिजे."

बाईंनी हातमोजे काढले. त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं, त्यांना मी बोल लावणार नाही. पुस्तकं छापलेली आहेतच. संस्थेकडे जागा थोडी, तिथे लेखकाच्या हातचंच ठेवतात. शेवटच्या, न छापलेल्या कथेचे फोटो त्यांनी घेतले. बाकीच्या ट्रंकेसाठी वरिष्ठांना विचारीन, म्हणाल्या. त्या विचारणार होत्या आणि तिकडून "नाही" येणार होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आलंही तसंच.

त्या दिवशी निघण्याआधी कपबशी धुवायला म्हणून बाई आत गेल्या आणि परत येईनात. मी डोकावलो. त्या फडताळापुढे उभ्या होत्या, डब्यांकडे बघत.

"हे कुणी लिहिलंय?"

"ते अण्णाचं," इंदक्का मागून म्हणाली. "ते असं घाण अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार?"

बाईंनी पुन्हा हातमोजे घातले.

त्या चिठ्ठ्या द्यायच्या की नाही, हे इंदक्काने ताबडतोब ठरवलं नाही. ट्रंक देताना ती एवढी थांबली नसती. फडताळाच्या खालच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली. तिथल्या डब्यांत आता अर्धं सामानही नव्हतं. एकट्या बाईला किती लागतं? पण चिठ्ठ्या होत्या, काही तेलकट, काही हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. अण्णा गेल्यापासून तिने एकही डबा बदलला नव्हता.

"ह्यांचं काय करणार तुम्ही?"

"जपू, आजी. त्यांच्या हातचं आमच्याकडे दुसरं काही नाही."

"माझ्याकडेही नाही," इंदक्का म्हणाली. मग फळीवरचा हात काढून, "इरली."

तिने पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि एकेक डबा वाफेवर धरून चिठ्ठ्या स्वतः सोडवल्या. खळ जुनी झालेली, कागद ठिसूळ. प्रत्येक चिठ्ठी सुटली की ती लांब धरून वाचायची, "मेथ्या," आणि बाई मागे पेन्सिलीने बारीक लिहून घ्यायच्या. "ओवा. फुटाण्याची डाळ. हा नुसता खोडलाय, काय लिहायचं ते विसरला असेल. तुरटी." तुरटी म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

बाई पुण्याला गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. एक दिवस गप्प राहिली असतीस तर ट्रंक मानाने गेली असती, असं काहीबाही बोललो. तिने ऐकून घेतलं.

"माधवा, त्याचं अक्षर वाईट होतं रे," ती म्हणाली. "सगळ्यांनी हसावं इतकं वाईट. माझं अक्षर त्याचं म्हणून कपाटात गेलं असतं, तर उद्या लोकांना वाटलं असतं की अण्णा असा ताठ दांडीचा माणूस होता. तो तसा नव्हता. तो सगळा वाकडातिकडाच होता. मग आपला अण्णा कुठे गेला असता?"

पुढच्या वैशाखाची तिने वाट पाहिली नाही. घर सोडण्याआधी ती रोज पाट घेऊन बसायची आणि ट्रंकेतल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर, तळाशी, लिहायची: नक्कल करणार, इंदिरा. हात कापायला लागला होता, तरी दांडी उभी. मी शाईची बाटली घेऊन गेलो तर म्हणाली, "एवढी कशाला आणलीस? सहीपुरती शाई आहे." ट्रंक मी माझ्या कागदाच्या गोदामात आणली. दुकानदार असण्याचा फायदा तेवढा एकच, जागा असते.

तिला मी शेवटचं पाहिलं ते श्रीपादच्या फ्लॅटमध्ये. श्रीपाद कामावर, त्याची बायको शाळेत शिकवायला. ती जास्त बोलायची नाही आताशा. "चहा टाकते" म्हणून आत गेली, आणि मी मागे गेलो. ओट्यावरच्या फळीवर तिचे ते जुने डबे ओळीने मांडले होते, चिठ्ठ्या नसलेले. प्रत्येकावर जिथे चिठ्ठी होती तिथे एक फिकट चौकोन राहिला होता.

साखर हवी होती. तिने एक डबा काढला, झाकण उघडलं, नाकाजवळ नेला. "ओवा," म्हणाली आणि बंद केला. दुसरा उघडला. "मेथ्या." कुठेही घाई नाही. मला बघवेना. मी म्हटलं, "इंदक्का, मी चिठ्ठ्या लिहून देतो सगळ्यांवर. माझ्या दुकानात तयार मिळतात, मागे गोंद लावलेल्या. आत्ता आणतो."

तिने माझ्याकडे बघितलं. चष्म्याचा दोरा तसाच होता.

"नको," ती म्हणाली. "तू लिहिलंस तर कुणालाही वाचता येईल."

आणि तिने पुढचा डबा उघडला.